उभ्यानं सांगायची अडचण

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना खुर्च्या मागं सारून उभं राहायला सांगितलं तेव्हाच मी दाराकडं बघितलं. आमच्या वाडीत कुणाला उभं करतात ते मला म्हाईत हाय. गावकीची बैठक बसते देवळाम्होरं, म्हातारी माणसं खांबाला टेकून, बाकीचे खाली, आन ज्याच्यावर काय आळ आला असंल तो येकटाच मधी उभा. काल कुठं व्हतास, आता काय करणार हायस, सांग. बसलेल्याला कोण काय इचारत नाय. ‘त्याला उभा केला’ असं नुसतं म्हणलं तरी आमच्यात समजतात, हा गेला. आन हितं सर म्हणतायत, गोल करा, उभे राहा, प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, आन अडचण काय हाय.

मी मनात म्हणलं, ऑफिसात चोरी झाली वाटतं. आन नवीन कोण, तर मीच.

ऑफिस म्हंजे महाडला येष्टी स्टँडच्या मागल्या अंगाला, खाली खताचं दुकान आन वर दोन खोल्या. सर महाडचेच, पुण्याला कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपनीत राहून परत आलेले. येमायडीशीतल्या कंपन्यांना लागतात ते प्रोग्राम करून द्यायचे, असं त्यांचं काम. प्रोग्राम लिहायला दोन माणसं आन येक ताई, महाडचीच, शिकलेली, माझ्याहून वयानं लहान पण मी तिला ताईच म्हणायची. आन मी. माझी शाळा नववीपर्यंत, ती पण मधी मधी, लावणीच्या दिवसांत शाळा नायच. मी कापड्याच्या वरल्या अंगाच्या वाडीवरून येते, आधी डोंगर उतरायचा, मंग येष्टी पोलादपूरपर्यंत, मंग दुसरी महाडला. पोरगी तेव्हा अंगावर पीत व्हती, सासूजवळ ठेवून यायची. धावत जायची आन धावत यायची, दुपारी छाती भरून आली की मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची आन परत येऊन बसायची.

मला कामाला घेतलं तेव्हा सरांनी इचारलं, “कॉम्प्युटर येतो का?”

मी म्हणलं, “नाय.”

“छान,” ते म्हणाले, “तशीच हवी होती.”

मला तेव्हाच संशय आला. काय येत नाय म्हणून कोण कुणाला कामाला घेतो? मंग त्यांनी सांगितलं, येका कंपनीच्या स्टोअरचा प्रोग्राम करायचाय, ड्रम कधी आले, कुठं ठेवले, कुणी नेले. तिथल्या माणसांनाही कॉम्प्युटर येत नाय. तेव्हा आमची माणसं कॉम्प्युटरवर येकेक पान करणार, तुम्ही बटणं दाबून बघायचं. तुम्हाला जमलं तर त्यांनाही जमेल, तुम्ही अडलात तर आम्ही बदलणार. मी घरी जाऊन सासूला म्हणलं, अडाणी पायजे व्हती, मी गावले.

सासू म्हणाली, “मंग शिकू नको जास्ती. काढून टाकतील.”

तर त्या गोलात मी उभी. येक जण बोलला, दुसरा बोलला, ताई बोलली. सगळं विंग्रजी मिसळून, भराभर. मंग सर माझ्याकडं वळले, चांगल्या गोड आवाजात म्हणाले, “बोला. काल काय केलं, आज काय करणार? आणि काही अडचण आहे का?”

आता आमच्यात बायकांची अडचण म्हंजे काय ते सगळ्यांना म्हाईत हाय. अडचण हाय म्हंजे ती बाई बाजूला बसलीय, देवाजवळ जायची नाय, लोणच्याला हात लावायची नाय. ते नवऱ्याला पण कोण तोंडावर सांगत नाय, त्यानं आपलं समजून घ्यायचं. आन हा परका माणूस, चार जणांच्यात, सकाळी सकाळी, मला इचारतोय, अडचण आहे का. माझे कान तापले. मी खाली बघून म्हणलं, “नाय.” खरं तर व्हती. त्याच दिवशी व्हती. पोरगी झाल्यावर पहिल्यांदाच आलेली, पोटात कळा येत व्हत्या. म्हंजे ह्याला कळलं कसं, ह्याच विचारात मी दिवसभर.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. रोज उभं करायचं आन रोज अडचण इचारायची, आन पुरुषांना पण इचारायचे, ते मला वाटलं झाकायला इचारतात. ते दोघं पण निर्लज्जावानी सांगायचे, “हो सर, माझी आहे अजून.” मला वाटायचं चेष्टा करतात माझी.

सासूला सांगितलं तर तिनं हातातला विळा खाली टाकला.

“काय म्हणालान तो?”

“अडचण हाय का म्हणतो. रोज.”

“रोज? रोज कशाला लागंल त्याला? देवऋषी हाय का तो?” सासू म्हणाली. “मी येते उद्या. बघते त्याच्याकडं. माझी कधीच सरली म्हणावं, मला इचार.”

“आये, नको गो.”

“मंग सोड ती नोकरी.”

सोडायची नव्हती. घरात बसून रडणारी पोर आन म्हशी, ह्यात माझा जीव जायचा. म्हणून मी धीर करून येक दिवस ताईला जिन्यात गाठलं. हळूच म्हणलं, “ताई, येक इचारू? सर ते सकाळी इचारतात, तुम्हाला लाज नाय वाटत?”

“लाज कसली? मी तर सरळ सांगते. माझी अडचण गेले पंधरा दिवस तशीच आहे, कुणी मदतच करत नाही.”

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. “पंधरा दिवस? अवो ताई, मंग डॉक्टरला दाखवा की! पोलादपूरला येक बाई डॉक्टर हाय, चांगली हाय.”

मंग तिला उमगलं, आन ती जिन्याच्या पायरीवर बसलीच, तोंडावर ओढणी दाबून, हसू आवरंना, खाली खताच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. “अगं बाई,” ती म्हणाली, डोळे पुसत, “कामात काय अडलंय, ते विचारतात. प्रिंटर चालत नाही, माहिती मिळत नाही, असलं. रोज सकाळी सांगितलं की लगेच कळतं कोण कुठं थांबलंय, म्हणून. आणि उभं अशासाठी, की बसलं की माणसं तासभर बोलत राहतात.”

मी पण हसले. पण मनातून सगळंच गेलं नाय. माणूस उभा असला की पटकन बोलतो हे खरं, पण जास्तीचं पण बोलून जातो. गावकीवाले काय येडे नाय.

खोलीच्या भिंतीवर सरांनी तीन रकाने आखले व्हते, ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’. येकेका कामाची येकेक रंगीत चिठ्ठी. काम जसं होईल तशी चिठ्ठी ह्या रकान्यातून त्या रकान्यात. दर पंधरा दिवसांनी जेवढं झालं तेवढं कंपनीला दाखवायचं, ते म्हणतील तसं बदलायचं. सरांची ही पद्धत पुण्याची. बदललं की प्रोग्राम लिहिणारे दोघं कुरकुरायचे, सर म्हणायचे, आत्ता बदललेलं बरं, वर्षानं बदलण्यापेक्षा.

मंग कंपनीचे सायेब यायला लागले. उंच, पांढरा शर्ट, चपलेचा आवाज न करणारे, अशी माणसं मला आवडत नाय, कधी मागं येऊन उभी राहतात कळत नाय. ते पहिल्यांदा आले आन भिंतीकडं बघून म्हणाले, “हे सगळं ठीक आहे. पण आपल्याला लीन व्हायचंय.”

लीन मला म्हाईत व्हतं. देवाच्या पायी लीन होतात. मला वाटलं सायेब भाविक दिसतात, मी लगेच हात जोडले. ताईनं माझ्या पायावर पाय दिला. मागनं तिनं सांगितलं, लीन म्हणजे इंग्रजी, चरबी नसलेलं, सडसडीत. जपानी मोटारींच्या कारखान्यांतून आलेली पद्धत आहे. जे कुणाच्या उपयोगाचं नाही ते सगळं काढायचं. जास्तीचा माल, जास्तीचं थांबणं, जास्तीचं चालणं. त्याला सायेब वेस्ट म्हणतात.

तेव्हा मला जास्तच भ्या वाटलं. कुणाची चरबी? बाळंतपणानंतर माझ्या तर हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत व्हत्या.

सायेबांचं आन सरांचं पटत नव्हतं. सायेब म्हणायचे, “तुम्ही दर पंधरवड्याला बदलता, हेच वेस्ट.” सर म्हणायचे, “कुणाला न दाखवता सगळं करून ठेवायचं आणि मग कळायचं की नकोच होतं, ते मोठं वेस्ट.” सायेब भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढून टाकायचे, “हे पान कुणी मागितलं? कुणी नाही ना? मग करू नका.” दोन-तीन वेळा आवाज चढले. मला बरं वाटायचं, भांडतायत तोवर काय व्हायचं नाय.

आन येक दिवस दोघं हसतच खोलीतून बाहेर आले. ठरलं म्हणाले. दोन्ही पद्धती येकत्र. ज्याला जे लागतं तेवढंच करायचं, पण थोडं थोडं करून लगेच दाखवायचं. आन ‘चालू’ रकान्यात येका वेळी दोनच चिठ्ठ्या. त्यातली येक ‘झालं’मधी गेल्याशिवाय तिसरी उचलायची नाय, कुणी मोकळा बसला तरी चालंल. हे दोनचं मला समजलं. लावणीला आवण, म्हंजे भाताची रोपं, उपटणाऱ्या बायका फार पुढं गेल्या तर जुड्या बांधावर उन्हात सुकतात, म्हणून लावणारणी मागं असल्या की उपटणारी हात आवरते. तेवढं समजलं. पण भांडणारी दोन माणसं येकदम गोड बोलायला लागली की तिसऱ्याचं कायतरी जाणार, हे पण मला समजतं. आमच्यात बांधावरून भांडणारे दोन भाऊ येक झाले त्या वर्षी बहिणीचा हिस्सा गेला.

मंग सायेब म्हणाले, ऑफिसात बसून काय कळणार, जागेवर चला. आम्ही सगळे कंपनीत गेलो, मी पण. आन हितं आता सांगायला पायजे की ती कंपनी कुठली, तर आमचे हे जिथं कामाला जातात तीच. ठेक्यावर. स्टोअरमधून ड्रम ट्रॉलीवर घालायचे आन प्लँटवर पोचवायचे. आम्ही दोघांनी ठरवून हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या ठेकेदाराला कळलं असतं तर म्हणाला असता, ह्याची बायको त्या ऑफिसात, हा हितल्या बातम्या नेतो. आन सरांना कळलं असतं तर काय म्हणाले असते ते मला म्हाईत नाय, म्हणून सांगितलं नाय.

गेटाच्या आत गेलं की डोळे चुरचुरतात. स्टोअरच्या दारात सायेबांनी कागद घेतला, आन आमचे हे ट्रॉली ढकलत निघाले तसे ते जातील तिकडं कागदावर रेघ ओढायला लागले. प्लँट, परत स्टोअर, गेट, सही घ्यायला ऑफिस, परत स्टोअर, रिकामा ड्रम, परत. कागद असा झाला की कोंबडीनं उकिरडा उकरावा. ह्यांनी मला बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं, मी पण पदर नीट केला आन भिंतीकडं बघितलं.

सायेबांनी पेन्सिलीनं ह्यांच्याकडं दाखवलं. “हा माणूस बघा. सकाळपासून नुसता चालतोय. ह्यातल्या एकाही पावलाचा मालाला उपयोग नाही. हे सगळं आपल्याला काढायचंय.”

सर मान हलवत व्हते. ताई लिहून घेत व्हती. मला पुढचं ऐकू आलं नाय. ‘हा माणूस’ आन ‘काढायचंय’ येवढंच कानात राहिलं.

संध्याकाळी मी चुलीशी भाकरी थापत व्हते, सासू पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. हे आले, हातपाय धुतले, आन दारातनंच म्हणाले, “काय गो, आज सायबिणीवानी फिरत व्हतीस.”

“तुमी वळख पण दाखवली नाय.”

“काय दाखवू? ही माझी बायको, हीच माझी ट्रॉली मोडणार हाय, असं सांगू?”

सासूनं मान वर केली. “काय मोडलीन हिनं?”

“अजून नाय मोडली,” हे म्हणाले. “ती बटण दाबंल, की प्लँटवाला तिकडनंच मागंल, सगळे ड्रम येका फेरीत जातील, सही पण कॉम्प्युटरवर. स्टोअरमधे सगळे बोलतायत. मंग मला कशाला ठेवतील? माझे पाय बघायला?”

“मी करत नाय ते, ते सर करतात,” मी म्हणलं.

“मंग तू तिथं काय करतेस? भाकऱ्या भाजतेस?”

भाकरी करपली. सासू म्हणाली, “करपव आणखी. उद्यापास्नं नायतरी हवा खायची हाय.”

हे पोरीला उचलून म्हणाले, “नाय जमलं तर जाईन मुंबयला. भावाची खोली हायच.”

हे येवढं त्यांनी हलकं म्हणलं, पोरीला वर उडवत. पण मला ते हलकं लागलं नाय. आमच्या वाडीत पुरुष किती राहिलेत? म्हातारे, आन शाळेतली पोरं. बाकी सगळे मुंबयला. माझा बाप मुंबयला व्हता. मी त्याला शिमग्याला बघितला आन गणपतीला बघितला. तो आला की मी आयेच्या मागं लपायची, मला वाटायचं हा कोण माणूस आमच्या घरात जेवतोय. जायच्या दिवशी वळख व्हायची आन तो जायचा. माझ्या पोरीला रोज बाप हाय. रात्रपाळी असली तरी सकाळी घरात हाय. आमच्या वाडीत ती येकटीच तशी. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

“तू ते बटण दाबूच नको,” हे म्हणाले.

“मी नाय दाबलं तर दुसरी दाबंल.”

“मंग दाब,” ते म्हणाले, आन जेवायला बसले.

तेच पान माझ्याकडं आलं. प्लँटवाल्यानं मागायचं, स्टोअरवाल्यानं द्यायचं, ते पान. मी दाबून बघितलं. चालत व्हतं. येकदा पण अडलं नाय, माझ्यासारखीला पण कळलं. चिठ्ठी उचलून ‘झालं’मधी लावायची येवढंच राहिलं. मी भिंतीपर्यंत गेले, चिठ्ठीला हात लावला, आन परत येऊन बसले.

सकाळी उभं राहिल्यावर सर म्हणाले, “काय परिस्थिती?”

“बघते,” मी म्हणलं.

“काही अडचण?”

“बघते.”

दुसऱ्या दिवशी पण बघते. ‘चालू’मधी दोनच जागा, येकीत माझी चिठ्ठी, दुसरीत ताईचं येक लांबलचक काम. तिसरं उचलायचं नाय असं ठरलेलं. म्हणून प्रोग्राम लिहिणारे ते दोघं मोकळे बसले. खिडकीत बसून शेंगा खायचे आन मला म्हणायचे, “वहिनी, तुमच्या चिठ्ठीला डिंक लावलाय का?” दुसरा म्हणायचा, “वहिनीला पाय मोकळे करून आणा भिंतीपर्यंत.” मी हसल्यासारखं करायची. पहिल्यासारखं ज्यानं त्यानं आपलं आपलं करायचं असतं तर माझी येक चिठ्ठी मागं राहिलेली कुणाला दिसली पण नसती. ह्यांच्या ह्या नव्या पद्धतीत येक जण थांबला की सगळं घर थांबतं, आन सगळे त्याच्याकडं बघतात. मला वाटलं मुद्दाम केलंय. माणूस गावायला केलंय.

मंग दाखवायचा दिवस आला. सायेब आले. त्या दिवशी ते पण गोलात उभे राहिले, बरोबर माझ्या समोर.

सर म्हणाले, “पान चालतंय का?”

खोटं बोलवंना. “चालतंय.”

“मग चिठ्ठी इथं का?”

सगळे उभे. मी पण उभी. खाली खताचा ट्रक लागलेला, हमाल गोणी टाकत व्हते, प्रत्येक गोणीला खोलीची फरशी हादरत व्हती. मी म्हणलं, “ट्रॉलीवाल्याचं काय?”

“कोण ट्रॉलीवाला?” सायेबांनी इचारलं.

“ज्याचं चालणं काढताय तो.”

सायेब हसले. वाईट नाय हसले, लहान पोराला हसतात तसं. “अहो बाई, चालणं काढायचंय. माणूस नाही काढायचा.”

“पण चालणं हेच त्याचं काम हाय,” मी म्हणलं. “ते काढल्यावर तो काय करणार?”

“देऊ की दुसरं काहीतरी.”

“काय?”

“बघू.”

ते ‘बघू’ ऐकलं आन माझं भ्याच गेलं, खरं सांगते, कारण रोज सकाळी मी तेच सांगत व्हते, त्याच्या आत काय असतं ते माझ्याशिवाय कुणाला म्हाईत? काय नसतं. मी म्हणलं, “मंग ते पण चिठ्ठीवर लिवा. त्याला काय काम देणार ते. आन भिंतीवर लावा.”

“हे सॉफ्टवेअरचं काम नाही.” सायेबांचं हसू गेलं. “तुमचा काय संबंध त्याच्याशी? कोण तो तुमचा?”

नाव तर मी घेऊ शकत नाय. आन लपवायचं किती. मी म्हणलं, “माझ्या पोरीचा बाप हाय.”

सर माझ्याकडं असे बघायला लागले की मला वाटलं, आजच घरी. मंग ताईनं टेबलावरची येक कोरी चिठ्ठी घेतली, त्याच्यावर लिवलं, ‘ट्रॉलीवाल्याचं नवीन काम’, आन भिंतीवर ‘करायचं’मधी चिकटवली. सायेब म्हणाले, “हे काय?” सर म्हणाले, “राहू द्या साहेब. उद्या स्टोअरमधल्या माणसांनीच हा प्रोग्राम वापरला नाही तर आपण कुणाला दाखवणार?” ते माझ्यासाठी बोलले का त्यांच्या कामासाठी, ते मला आजपर्यंत कळलेलं नाय.

मी म्हणलं, “करायचं मधी नको. चालू मधी लावा. माझी काढते, तिथं लावा.” आन मी माझी चिठ्ठी उचलून ‘झालं’मधी लावली. ती वाकडी बसली. ताईनं दुसरी तिच्या जागेवर लावली.

सायेब जाताना म्हणाले, “हे आधीच सांगितलं असतं तर सगळे एवढे दिवस बसले नसते.” कुणाला सांगितलं असतं?

त्या चिठ्ठीनं सायेबांना पण अडकवलं. दोनातली येक जागा तिनं अडवलेली, दुसरीत ताईचं लांबलचक काम अजून व्हतंच, ती हलत नाय तोवर त्यांच्या कंपनीचं पुढचं पान कुणी उचलत नव्हतं. सर रोज सकाळी त्यांना फोन लावून इचारायचे, ट्रॉलीवाल्याचं काय झालं. शेवटी ठरलं. माल आला की वजनकाट्याशी बसायचं, वजन बघायचं आन कॉम्प्युटरवर चढवायचं. आमच्या ह्यांनी. ज्यांनी कधी पोरीच्या खेळण्यातलं बटण दाबलं नाय त्यांनी. मी अंगणातल्या शेणसारवणावर रांगोळीनं कीबोर्ड काढून दिला, येकेका घरात येकेक अक्षर, आन हे उकिडवे बसून बोटानं दाबायचे. पोरगी रांगत येऊन अर्धी अक्षरं पुसायची. सासू म्हणायची, “बायकोनं नवऱ्याला पाटी धरायला लावलीन.” हे हसायचे. येका बोटानं दाबतात अजून.

ते बसलेत काट्याशी, दोन वर्षं होत आली. ठेका तसाच चालू हाय. पाय दुखत नाय, आता कंबर दुखते म्हणतात. रोज संध्याकाळी मी इचारते, आज कोण आलं व्हतं, काट्याकडं कोण बघत व्हतं, कागदावर कोण काय लिहीत व्हतं का? ते चिडतात, “तू पोलीस हायस का?” परवा म्हणाले, काट्याच्या बाजूला दोन माणसं टेप लावून जागा मोजत व्हती. कशाला ते म्हाईत नाय. सरांना इचारलं तर म्हणाले, मला काही कल्पना नाही. कल्पना नाय म्हणताना त्यांनी चष्मा पुसला.

आन येक सांगायचं राहिलं. ट्रॉलीवाला येक नव्हता, दोन पाळ्यांची दोन माणसं व्हती. काट्याशी जागा येकच निघाली. दुसऱ्या पाळीचा जो व्हता तो आमच्याच बाजूचा, पलीकडल्या डोंगरावरचा. त्याला काढला. सायेब म्हणतात ठेकेदारानं काढला, ठेकेदार म्हणतो कॉम्प्युटरनं काढला. तो मुंबयला गेला.

त्याची बायको मागल्या आठवड्यात येष्टीत भेटली. मी पोरीला डोस पाजायला पोलादपूरला नेत व्हते, गाडी भरलेली, तिनं मला बघितलं आन मांडीवरची पिशवी खाली ठेवून सरकली. मी बसले. तिला म्हाईत हाय का नाय, मी कुठं कामाला जाते ते, तिच्या तोंडावरून कळेना. गाडी घाटाला लागली तशी तिनं पिशवीतनं करवंदं काढली, पानात बांधलेली, आन पोरीपुढं धरली.

“घे गो बाय,” ती म्हणाली. “तुझा बाबा असतो ना गो घरी?”

मी पोरीचा हात धरला व्हता. पोरीनं दुसऱ्या हातानं करवंद घेतलं आन तोंडात टाकलं.